ओल्या लाकडाचा वाडगा का तडकतो, आणि गोव्याच्या हवेत तो कसा सुकवायचा

तुमची हकिकत थोडक्यात अशी. सप्टेंबरअखेरच्या वाऱ्यापावसात पेडण्याला घरामागचा आंबा आडवा झाला. त्याच्या बुंध्याचे दोन वाडगे तुम्ही नोव्हेंबरात लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, काढले. पहिला आठ दिवसांत काठापासून बुडापर्यंत उभा तडकला. दुसऱ्याला तडा नाही, पण तो लंबगोल झाला आणि टेबलावर डुगडुगतो. दोन्ही हॉलमधल्या शोकेसवर, पंख्याखाली ठेवले होते. तुम्ही विचारता, लाकूड वाईट निघालं की हात कच्चा?

दोन्ही नाही. पंखा. आणि थोडा नोव्हेंबर.

मी फोंड्याजवळ बावीस वर्षं हेच काम करतो. पहिल्या वर्षी मी फणसाचे अकरा वाडगे एका जानेवारीत काढले आणि खिडकीतल्या फळीवर ओळीने मांडले, छान वारा लागावा म्हणून. रात्री अंथरुणात पडल्यापडल्या टक् असा आवाज यायचा. सकाळी उठून बघावं तर आणखी एक गेलेला. अकरातले नऊ गेले. तेव्हा मला वाटायचं की लाकूड लवकर सुकलं की काम झालं. खरं उलट आहे. सगळ्या लाकडाचा ओलावा एकसारखा खाली आला तर तडा पडत नाही. वरचं सुकलं आणि आतलं ओलं राहिलं, काठ सुकला आणि बूड ओलं राहिलं, म्हणजे एक भाग आक्रसला आणि शेजारचा आक्रसायला तयार नाही, की पडतो. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं हा फरक कमी ठेवण्यासाठी आहे.

ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं. एक पेशींच्या पोकळीत, तांब्यात असावं तसं मोकळं. दुसरं पेशींच्या भिंतींत मुरलेलं. मोकळं पाणी गेलं की लाकूड नुसतं हलकं होतं, आकार बदलत नाही. ओलावा 28-30 टक्क्यांपर्यंत उतरला की मोकळं पाणी संपतं, भिंतींतलं निघू लागतं आणि आकसणं तिथून सुरू होतं. हे आकसणं सगळीकडे सारखं नसतं. खोडाच्या लांबीत ते जवळजवळ शून्य. गाभ्यापासून, म्हणजे खोडाच्या अगदी मधल्या टिंबापासून, सालीकडे साधारण तीन ते पाच टक्के. आणि वर्षवलयांच्या कडेने, म्हणजे गोलाईत, त्याच्या सुमारे दुप्पट. परीघ जास्त आक्रसतो, त्रिज्या कमी, हिशोब जुळत नाही, आणि अख्ख्या ओंडक्यात तो हिशोब गाभ्यापर्यंत जाणारी एक चीर पाडूनच पुरा होतो. जळाऊ लाकडाच्या राशीकडे बघा. ज्या ओंडक्यात गाभा शाबूत आहे त्याला पाचरीसारखी फट असतेच.

म्हणून पहिला नियम: वाडग्यात गाभा नको. ओंडका उभा चिरताना मधल्या टिंबातून चिरायचा आणि दोन्ही अर्ध्यांतून टिंबाकडचं इंचभर लाकूड आणखी काढून टाकायचं. जीवावर येतं, मला माहीत आहे, विशेषतः ओंडका बारीक असला की. तुमच्या तडकलेल्या वाडग्याचा फोटो मी मोठा करून बघितला. काठाला एका बाजूला पेन्सिलच्या शिशाएवढा काळपट ठिपका आहे आणि तडा तिथूनच निघालाय. तो गाभा. पंख्याने घाई केली, पण सुरुंग तुम्हीच आत ठेवला होता.

दुसरी गोष्ट तोंडांची. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडातून पाणी जितक्या वेगाने जातं त्याच्या दहावा हिस्साही बाजूने जात नाही. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात. म्हणून झाड पडलं की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, दोन्ही तोंडं बंद करायची. आमच्याकडचे जुने सुतार शेण-मातीचा लेप द्यायचे, तोही चालतो. मी बाजारात मिळणारं मेण पातळ करून दोन हात मारतो. घरात उरलेला ऑइलपेंट जाड लावलात तरी हरकत नाही. सालीला काही करायचं नाही. ओंडके वाडग्याच्या व्यासापेक्षा दोन्हीकडे दोन-तीन इंच लांब ठेवा, कारण तोंडाला बारीक चिरा पडल्याच तर तेवढा तुकडा कापून टाकता येतो. आणि ओंडका जमिनीवर टेकवून ठेवू नका, खाली दोन दगड घाला, नाहीतर वाळवी मोजणी करायला येते. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, तळं असेल तर ओंडका बुडवून ठेवणं सगळ्यात उत्तम. पाण्यात तो तडकत नाही, शिवाय त्यातला पिष्टांश धुऊन जातो, म्हणून पुढे कीडही कमी लागते. बांबू नि माडाचे वासे भिजत घालतात ते उगाच नाही.

अमावास्येला तोडलेलं लाकूड टिकतं असं म्हणतात. मी वाऱ्याने पाडलेली झाडं घेतो आणि वाऱ्याकडे पंचांग नसतं, त्यामुळे मला त्यावर बोलता येत नाही. उभं झाड पाडायचं असेल तर मात्र आधी वन खात्याची परवानगी. आपल्याकडे 1984 पासून वृक्षसंवर्धनाचा कायदा आहे आणि तो परसातल्या झाडालाही लागू होतो.

आता मुख्य काम. ओल्या लाकडाचा वाडगा दोन वेळा कातायचा. पहिल्यांदा जाडजूड, मग सुकवायचा, मग अखेरचा. जाडी किती, तर व्यासाचा दहावा भाग. दहा इंची वाडग्याला इंचभर भिंत. याला कारण आहे. सुकताना वाडगा लंबगोल होणारच, आणि त्या लंबगोलातून पुन्हा गोल काढायला तेवढं मांस शिल्लक लागतं. तुम्ही पहिल्याच बैठकीत अर्ध्या इंचावर आलात, आणि तेही काठाला. बूड सव्वा इंच तसंच राहिलं. असंच बहुतेकांचं होतं, कारण काठ दिसतो आणि बूड दिसत नाही. काठ चार दिवसांत सुकून आक्रसतो, बूड महिनाभर ओलं राहून त्याला धरून ठेवतं, आणि मधे तडा. काठापासून बुडापर्यंत जाडी एकसारखी ठेवणं हे दहाव्या भागाच्या नियमाहूनही महत्त्वाचं. आतून भिंत आणि बूड जिथे मिळतात तिथे कोपरा नको, हात फिरवला तर कुठे थांबता कामा नये. मी कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचा चिमटा, लावतो, आणि तरीही शेवटी दोन बोटांत धरून काठापासून खाली सरकवत नेतो. बोटांना जाड वाटलं की ते जाड असतंच.

चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, धरायचा बुडाचा खुंटही लंबगोल होणार. तो नेहमीपेक्षा मोठा सोडा, दहा इंची वाडग्याला किमान 60-65 मिलिमीटर, आणि टेलस्टॉकच्या (लेथच्या मागच्या आधाराच्या) टोकाची खूण पुसू नका. सुकल्यावर वाडगा उलटा एखाद्या गोल ठोकळ्यावर दाबून, मागून त्याच खुणेत टोक लावून आधी खुंट गोल करून घ्यायचा. खूण गेली तर मध्य शोधत अर्धा तास जातो आणि तरी सापडत नाही.

पहिली कातणी एका बैठकीत संपवा. मधेच जेवायला उठलात तरी वाडगा प्लास्टिकच्या पिशवीत ओल्या ढलप्यांसकट गुंडाळून जा. अर्ध्या तासात काय होतंय असं वाटतं, पण डिसेंबरातल्या दुपारी पातळ काठ तेवढ्यात केसासारखी चीर घेतो, आणि ती चीर ओल्या लाकडात दिसतसुद्धा नाही. काम संपलं की लेथ लगेच पुसा. फणस, ऐन, बाभूळ यांचा ओला रस लोखंडावर पडला की लोखंड गंजतं आणि लाकडावर शाईसारखे निळे-काळे डाग पडतात. डाग पडलाच तर बिंबल, ते आंबट फळ, कापून चोळा. त्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं, आणि आमच्या आज्या त्यानेच कपड्यावरचे गंजाचे डाग काढायच्या. आंबा आणि काजू एकाच कुळातले, त्यांच्या सालीचा चीक अंगावर उठतो. बाही लांब असू दे. आणि ओबडधोबड ओला ठोकळा पहिल्यांदा फिरवताना लेथ कमीत कमी वेगावर ठेवा, तोंडावर पूर्ण फेसशील्ड घाला, आणि स्विच दाबताना ठोकळ्याच्या रेषेत उभे राहू नका.

आता सुकवणं, म्हणजे गोव्याचा खरा प्रश्न. परदेशी व्हिडिओत सांगतात, वाडगा ओल्या ढलप्यांत पुरा आणि सहा महिने विसरून जा. ते त्यांच्या कोरड्या, थंड हवेत ठीक. इथे जुलैत तसं केलंत तर आठव्या दिवशी वाडग्याला दाढी येते. आंब्याचं पांढरं लाकूड तर दोन-तीन दिवसांत निळं पडतं. आपल्याकडे वर्षात दोन वेगळे शत्रू आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबरपर्यंत हवा 85-90 टक्के दमट. या हवेत लाकूड 18 टक्क्यांच्या फारसं खाली उतरतच नाही, तडे फारसे जात नाहीत, पण बुरशी आणि कीड सोडत नाही. पाऊस सरला, पूर्वेचा कोरडा वारा घाटावरून खाली उतरू लागला की गणित उलटतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव आणि दुपारी कोरडा वारा, एकाच दिवसात दोन हवा. लाकूड दिवसा पाणी सोडतं, रात्री थोडं घेतं. तुमचा वाडगा नेमका या उतरणीवर उघडा पडला.

माझी पद्धत अशी. ऑक्टोबर ते मे: वाडगा कातून झाला की बाहेरून काठाला आणि जिथे लाकडाचं तोंड (कापलेल्या नळ्यांची टोकं) उघडं पडलंय त्या दोन्ही बाजूंना मेणाचा हात. आतून काही नाही. मग तो जाड कागदी पिशवीत, सिमेंटच्या पोत्याचा आतला स्वच्छ कागद असेल तर उत्तम, तोंड दुमडून ठेवायचा. ढलप्या घालायच्या नाहीत. पिशवी खोलीच्या सगळ्यात कंटाळवाण्या कोपऱ्यात, जमिनीपासून हातभर वर, जिथे ऊन नाही, वारा नाही, चूल नाही. मी जुन्या पेटाऱ्यात ठेवतो. पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या दिवशी पिशवी बदलायची, कारण कागद ओला होतो. जून ते सप्टेंबर: पिशवी एकच पदरी, तोंड उघडं, दोन दिवसांनी वाडगा बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसायचा आणि पालथा-उताणा करायचा. पांढऱ्या लाकडाला कातल्याबरोबर बोरॅक्सचं पाणी लावलं तर निळेपणा आणि कीड दोन्हींना थोडा आळा बसतो. थोडाच. पावसाळ्यात आंबा कातूच नये हे माझं मत. झाड पावसात पडलं तर ओंडका तळ्यात ठेवा आणि थांबा.

सुकला की नाही हे ओलावा मोजायच्या मीटरने कळतं, पण ते स्वस्त मीटर वरचा थर तेवढा मोजतात. स्वयंपाकघरातला वजनकाटा जास्त खरं बोलतो. गेल्या वर्षी 2 नोव्हेंबरला कातलेल्या दहा इंची आंब्याच्या वाडग्याचे आकडे त्याच्या बुडावर पेन्सिलने लिहिलेले अजून आहेत. पहिल्या दिवशी 2140 ग्रॅम. एका आठवड्याने 1850. दोन आठवड्यांनी 1690. महिन्याने 1500. दोन महिन्यांनी 1360. तीन महिन्यांनी 1318, आणि त्यापुढच्या आठवड्यात 1316. म्हणजे वाडग्यातून सव्वाआठशे मिलिलिटरच्या आसपास पाणी उडून गेलं, आणि त्यातलं निम्म्याहून अधिक पहिल्या पंधरवड्यात. हाच पंधरवडा धोक्याचा. यात हळू गेलात की पुढे वाडगा सहसा त्रास देत नाही. दोन आठवडे लागोपाठ वजन हललं नाही की तो त्या खोलीच्या हवेशी जुळला असं समजायचं.

तो वाडगा आडव्या दिशेला नऊ मिलिमीटरने कमी झाला होता, लांबीच्या दिशेला पट्टीवर फरक कळतही नव्हता. आणि पालथा घातला तर काठाच्या दोनच बिंदूंवर उभा राहून डुलत होता. तुमचा दुसरा वाडगा डुगडुगतो त्याचंही कारण तेच. काठ गाभ्याकडे आणि बूड सालीकडे ठेवून कातलेल्या वाडग्यात, लाकडाची तोंडं असलेल्या दोन बाजू वर राहतात आणि मधल्या दोन बाजू खाली झुकतात, सपाट चिरलेला अर्धा ओंडका सुकल्यावर पाठीसारखा फुगतो तसं. बुडाचंही असंच, ते सपाट राहत नाही. यात दोष काही नाही, हे होणारच होतं. तुमच्याकडे पुन्हा कातायला जाडी उरली नाही एवढंच. तो वाडगा फेकू नका. बुडाच्या मधोमध हलका खोलगटपणा द्या म्हणजे तो कडेवर बसेल, आणि फळं ठेवायला वापरा. मी तर काही वाडगे मुद्दाम असेच काढतो, ओल्यातच पाच-सहा मिलिमीटरवर आणून सोडून देतो. एवढी पातळ आणि सगळीकडे सारखी भिंत तडकत नाही, ती वळून मोकळी होते. पणजीच्या प्रदर्शनांत गोल वाडग्यांआधी हेच उचलले जातात, आणि त्यांना सुकवायला तीन महिने थांबावंही लागत नाही.

झाड कुठलं यावरही बरंच अवलंबून. रस्त्याकडेला छत्रीसारखा पसरलेला पर्जन्यवृक्ष नवशिक्यासाठी देवमाणूस आहे. तो आक्रसतोच इतका कमी की ओल्यातच पूर्ण कातला तरी फार फिरत नाही. हवाई आणि फिलिपाइन्समध्ये याचे वाडगे वर्षानुवर्षं ओलेच कातले जातात. शिवण गुणी, सागवान गुणी. फणस मध्यम, पण रंग देखणा, आणि गाभा टाळलात तर शहाण्यासारखा वागतो. आंब्याला वेळ द्यावा लागतो. चिंच जड आणि हट्टी, तिला पिशवी दुहेरी. सुरूच्या वाटेला जाऊ नका, ते चुलीचं लाकूड. माडाला वर्षवलयंच नसतात, त्याचं शास्त्र वेगळं, इथे त्यात शिरत नाही.

झटपट उपायांबद्दल तुम्ही विचारलंत. कच्चा वाडगा इंचभर जाडीला तासभर या हिशोबाने पाण्यात उकळला तर तडे कमी होतात, हा माझा अनुभव, विशेषतः चिंचेला. मोठं पातेलं आणि सहनशील बायको लागते. स्पिरिटमध्ये बुडवून सुकवणारे त्याची शपथ घेतात, मला फारसा फरक दिसला नाही. मायक्रोवेव्हमध्ये डिफ्रॉस्टवर मिनिटभर, मग पूर्ण गार, मग पुन्हा मिनिटभर, असं लहान वाडग्याला जमतं, पण घाई केलीत तर आतून जळतो. पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे रसायन लाकडाच्या भिंतीत पाण्याची जागा घेतं. स्वीडनचं वासा हे 1628 साली बुडालेलं जहाज 1961 मध्ये वर काढल्यावर त्यानेच वाचवलं. पण ते हवेतली ओल ओढतं, आणि आपल्या जुलैत असा वाडगा घामेजल्यासारखा होतो. इथे नकोच.

एक गोष्ट मात्र मी फार उशिरा शिकलो. फोंड्याच्या हवेत सुकलेला वाडगा फोंड्यापुरताच सुकलेला असतो. माझा फणसाचा एक मोठा वाडगा, चार महिने सुकवून, पुन्हा कातून, तेल पाजून, नात्यातल्या एकीने फेब्रुवारीत दिल्लीला नेला. मे महिन्यात फोन आला, मधोमध फाटला. इथे तो 13-14 टक्क्यांवर स्थिर होता. दिल्लीच्या उन्हाळ्यात, वर एसी, लाकूड सहा-सात टक्क्यांपर्यंत उतरतं. म्हणजे अर्धं सुकणं त्याने तिथे जाऊन केलं, तेही आठवडाभरात. तेव्हापासून बाहेरगावी जाणारा वाडगा मी शेवटच्या कातणीआधी डब्यात घालतो. डबा म्हणजे बंद पडलेला फ्रिज, तळाशी तारेचा 40 वॅटचा बल्ब, खाली आणि वर दोन-दोन भोकं. वजन खोलीत स्थिर झाल्यावरच, आधी कधीच नाही, नाहीतर ओला वाडगा फ्रिजमध्ये भाजला जाईल. दोन-तीन आठवड्यांत तो आणखी उतरतो. पावसाळ्यात सुकवणं अडलं तरी हाच डबा उपयोगी. तेल किंवा पॉलिश ओलाव्याची ये-जा मंद करतं, थांबवत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. आणि खोबरेल लावू नका. ते सुकत नाही, आणि पावसात त्यावर बुरशी धरते. कढवलेलं जवसाचं तेल पातळ हाताने, दोन दिवस सोडून पुन्हा.

घासतानाही एक चूक होते. शेवटच्या कातणीनंतर सँडपेपर एका जागी दाबून धरला की लाकूड तापतं, आणि वरचा थर त्या क्षणी सुकून जाळीसारख्या बारीक चिरा धरतो. बोट ठेवून बघा. बोटाला चटका बसतो तर लाकडालाही बसतो. अशी केसासारखी चीर दिसली तर पातळ सुपरग्लू लगेच भरा आणि वर त्याच लाकडाची भुकटी चोळा. रुंद तडा भरायला जाऊ नका, पुढच्या पावसात तो फुगतो आणि भरलेलं बाहेर ढकलतो.

तुमच्याकडे अजून पाच फुटांचा बुंधा उरलाय असं लिहिलंय, आणि तोंडं उघडी आहेत. हे वाचून झाल्यावर आधी तेच. दोन्हीकडून चीर संपेपर्यंत कापा, बहुधा तीन-चार इंच जातील. मेण लावा. मग एक तुकडा मधून चिरा, टिंब काढा, दहा इंची एकच वाडगा इंचभर जाडीवर आणा आणि बुडावर आजची तारीख आणि वजन लिहून पिशवीत घाला. बाकीचा बुंधा तसाच सावलीत राहू दे. पंधरा दिवसांनी दोन वजनं मला कळवा, म्हणजे तुमच्या खोलीची हवा किती ओढते ते कळेल आणि पिशवी एकपदरी ठेवायची की दुपदरी ते सांगता येईल.